तीनने भागलेली साखर

डॉक्टरीणबाईंनी "तुम्हाला मधुमेह झालाय" असं सांगितलं, तेव्हा काटेसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "कोणत्या यंत्रावर मोजलंत?"

दुसरा कोणी असता तर त्याने आधी तोंड पाडलं असतं, मग पथ्य विचारलं असतं आणि घरी जाताना शेवटचं म्हणून काहीतरी गोड खाल्लं असतं. काटेसाहेबांनी यातलं काही केलं नाही. एकतीस वर्षं ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. गावातला एकही तराजू असा नव्हता की ज्याने त्यांच्यासमोर मान खाली घातली नव्हती. खरं आडनाव वेगळंच होतं, पण लोक समोर नुसतं साहेब म्हणत आणि पाठीमागे काटेसाहेब. निवृत्तीनंतर पाठीमागचं नाव समोर आलं, एवढाच काय तो फरक पडला. आकडा दाखवणारी कुठलीही वस्तू ही तपासून होईपर्यंत खोटं बोलत असते, हा त्यांचा नोकरीतला अनुभव होता आणि तो त्यांनी पेन्शनबरोबर घरी आणला होता.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी एक गोळी लिहून दिली, रोज पाऊण तास चालायला सांगितलं आणि एक वही दिली. सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी घरी साखर मोजायची, वहीत लिहायची आणि चार आठवड्यांनी दाखवायची. आकडे उतरले तर हीच गोळी. नाही उतरले तर दुसरी, आणि मग कदाचित इंजेक्शन. काटेसाहेबांना सुईची भीती होती असं कोणी म्हणू नये. त्यांना एवढंच वाटत होतं की एखाद्या माणसाला कायमचं इंजेक्शन लावायचं, तर निदान पुरावा पक्का असावा.

जावयाने यंत्र पाठवलं. साबणाच्या वडीएवढं. पेटीत बोट टोचायचं एक पेन, पट्ट्यांची डबी, घडी घातलेला माहितीचा कागद आणि एक इवलीशी बाटली. काटेसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला आणि बायकोला समोर साक्षीदार म्हणून बसवलं. आकडा आला दोनशे बारा. त्यांनी लगेच शेजारचं बोट टोचलं. दोनशे सव्वीस.

"बघितलंस?" ते म्हणाले.

बायको शिवणाच्या मशीनवरून उठून आली होती, तिच्या हातात अजून सुई होती. ती म्हणाली, "बघितलं. आता ही सुई तेवढी ओवून द्या. हल्ली भोक दिसेनासं झालंय."

काटेसाहेबांनी सुई ओवून दिली. गेल्या दोन महिन्यांत ते रोजच ओवून देत होते. निरीक्षकाच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतात ते खरं आहे. पाण्याचा जग हल्ली दोनदा भरावा लागतो, हे त्यांनी पाहिलं होतं. बायकोचे ब्लाउज सैल झालेत, हेही पाहिलं होतं. उजव्या अंगठ्याला चपलेचा पट्टा लागून जखम झालीय आणि ती तीन आठवडे तशीच आहे, हेसुद्धा पाहिलं होतं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. फक्त ते सगळं भलत्याच फायलीत जात होतं. सुई म्हणजे चष्मा, पाणी म्हणजे उकाडा, ब्लाउज म्हणजे वय आणि जखम म्हणजे चप्पल.

सल्ला द्यायला शेजारचे कंपाउंडर होतेच. कंपाउंडर एका दवाखान्यात चाळीस वर्षं पुड्या बांधून निवृत्त झाले होते आणि गेलेल्या डॉक्टरांचं सगळं ज्ञान आपल्याकडे ठेवीसारखं ठेवलेलं आहे, अशा जबाबदारीने बोलत. दोन बोटांत चौदाचा फरक येतो हे ऐकून ते जराही दचकले नाहीत. एवढा फरक यंत्राला माफ असतो, असं त्यांनी सांगितलं. काटेसाहेबांना माफीचं शास्त्र कंपाउंडरांनी शिकवावं, हे लागलंच. प्रत्येक काट्याला थोडी मुभा असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं की काय. पण कोळशाच्या वखारीला एक मुभा आणि सोनाराला दुसरी. रक्त काय कोळशाच्या भावाने मोजायचं?

तिसऱ्या दिवशी आकडा तीनशे एक्याऐंशी आला. काटेसाहेबांनी गॅलरीतून कंपाउंडरांना हाक मारली. कंपाउंडरांनी आल्या आल्या त्यांच्या बोटांचा वास घेतला, तेही भर गॅलरीत, चार लोकांदेखत.

"साहेब, संत्रं सोललंत ना?"

सोललं होतं. बायकोसाठी सोललं होतं, स्वतः खाल्लं नव्हतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. कंपाउंडरांनी त्यांना नळाखाली हात धुवायला लावले, कोरडे करायला लावले आणि मग टोचलं. दोनशे चार. मग गॅलरीच्या कठड्याला टेकून त्यांनी अर्धा तास व्याख्यान दिलं. साखर म्हणजे नुसतं गोड नव्हे. भात, ब्रेड, बटाटा यांचीही पोटात साखरच होते. झोप मोडली की साखर चढते, काळजी केली की चढते, अंगात ताप असला की चढते. चाललं की उतरते. काही माणसांची तर पहाटे काहीही न खाता आपोआप चढते, कारण यकृत स्वतःच्या कोठारातून काढून देतं.

हे सगळं खरं होतं. नेमकं म्हणूनच काटेसाहेबांना ते पटलं नाही. इतक्या गोष्टींनी हलणाऱ्या वस्तूला त्यांच्या खात्यात वजन म्हणत नसत, अफवा म्हणत.

"त्या बाटलीत तपासणीचं पाणी असतं," कंपाउंडर जाता जाता म्हणाले. "त्यात मोजलेली साखर असते. पट्टीवर थेंब टाका. डबीवर छापलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये उत्तर आलं की यंत्र बरोबर."

काटेसाहेबांनी बाटली दोन बोटांत धरून उजेडात पाहिली आणि परत पेटीत ठेवली. यंत्र कोणाचं? कंपनीचं. बाटली कोणाची? त्याच कंपनीची. दुकानदाराच्याच गल्ल्यातलं वजन घेऊन दुकानदाराचाच काटा तपासायचा, हे काम त्यांनी एकतीस वर्षांत केलं नव्हतं आणि आता रक्ताच्या बाबतीत सुरुवात करण्याचा त्यांचा विचार नव्हता.

ते यंत्र घेऊन सरळ जुन्या ऑफिसात गेले. शिपायाने उठून खुर्ची दिली, तिथपर्यंत मान राहिला. पुढे वजन शाखेच्या हेडक्लार्कने, ज्याला त्यांनीच कधी काळी अर्ज कसा नाकारायचा ते शिकवलं होतं, यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं की हे नक्की मोजतं काय. काटेसाहेबांनी सांगितलं, एका डेसिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर आहे ते. हेडक्लार्क म्हणाला, डेसिलिटर म्हणजे द्रव आला, द्रव म्हणजे माप शाखा. माप शाखेतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मिलिग्रॅम हे वजन असल्याचं दाखवून दिलं. परत वजन शाखा. तिथे आता हेडक्लार्क जेवायला गेला होता. आल्यावर त्याने एक तोड सुचवली. यंत्र माप शाखेने तपासावं आणि साखर वजन शाखेने, पण त्यासाठी दोन्ही नमुने वेगवेगळे सादर करावे लागतील. काटेसाहेबांना राग आला नाही. उलट आपलं शिकवणं किती मुरलंय हे पाहून क्षणभर बरंच वाटलं. पण यंत्र पिशवीत घालून तीन जिने उतरताना त्यांच्या लक्षात आलं, की या इमारतीत ते आता नुसते अर्जदार होते.

घरी येऊन त्यांनी स्वतःच प्रमाण शोधायचं ठरवलं.

हे जरा समजून घ्यायला हवं. निरीक्षकाकडे मखमलीचे खाचे असलेली एक पेटी असते आणि तिच्यात पितळेची प्रमाण वजनं असतात. बाजारातलं प्रत्येक वजन त्यांच्याशी ताडून बघायचं. प्रमाण वजनाला हातही लावायचा नाही, चिमट्याने उचलायचं. दर दोन वर्षांनी ती पेटी मुख्य प्रयोगशाळेत घेऊन जायची, तिथे ती वजनं पुन्हा तपासून घ्यायची आणि दाखला आणायचा. काटेसाहेबांची ही वारी एकदाही चुकली नव्हती. एकदा अंगात ताप असताना पेटी मांडीवर घेऊन ते बसने गेले होते.

तर असं प्रमाण हवं होतं. न बदलणारं, न कुरकुरणारं, ठेवलं तिथे राहणारं. रक्त असलेलं. कंपाउंडर बाद, कारण ते चोरून गोड खात हे सगळ्या जिन्याला माहीत होतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्यांनी बोट द्यायला साफ नकार दिला आणि हे बोलणं लेखी द्या असं सुचवलं. काटेसाहेब विचार करत जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर मशीन चालत होती. पायाने खालीवर, खालीवर, एका लयीत. चौतीस वर्षं तीच लय. या बाईने कधी अंथरूण धरल्याचं त्यांना आठवेना. डॉक्टरची पायरी तिने चढली ती लेकीच्या जन्माच्या वेळी.

"अगं, जरा बोट दे," ते म्हणाले.

रविवार होता, सकाळ होती, तिने पाणी सोडून काही घेतलं नव्हतं. आकडा आला दोनशे पंच्याऐंशी.

काटेसाहेब खुर्चीवरून अर्धे उठले. चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंदच म्हणायला हवं, दुसरा शब्द नाही. खोटा काटा रंगेहाथ पकडला की तो चेहरा व्हायचा. माहितीच्या कागदावर लिहिलं होतं की निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर शंभरच्या आत असते. बायको निरोगी. म्हणजे पंच्याण्णव धरायला हरकत नाही. पंच्याण्णव त्रिक दोनशे पंच्याऐंशी. यंत्र बरोबर तिप्पट दाखवत होतं.

"म्हणजे माझं ठीक आहे ना?" बायकोने बोट पदराला पुसत विचारलं.

"तुझं ठीकच आहे," काटेसाहेब म्हणाले. "म्हणून तर यंत्र सापडलं."

"अंगठ्याचं दाखवून यावं म्हणत होते मी."

"दुखतंय का?"

"नाही. दुखत मुळीच नाही."

"मग कशाला," काटेसाहेब म्हणाले आणि त्यांनी वहीत नवा रकाना आखला.

त्या दिवसापासून ते आलेला आकडा तीनने भागून लिहू लागले. दुसऱ्या सकाळी यंत्राने दोनशे दहा दाखवलं. भागिले तीन, सत्तर. सत्तर ही तर खालची हद्द. त्याच्या खाली घसरलात तर हातपाय थरथरतात, घाम फुटतो, माणूस आडवा होतो, असं कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, आणि अशा वेळी ताबडतोब काहीतरी गोड खावं असंही. काटेसाहेबांनी आज्ञा मोडली नाही. चहात साखर परत आली. मग बिस्किटं आली, आधी दोन, मग चार. चालणं त्यांनी जड मनाने बंद केलं, कारण चालल्याने साखर उतरते हे कंपाउंडरांनीच सांगितलं होतं, आणि आता उतरायला जागा कुठे होती.

औषध लागू पडलं. आठ दिवसांत यंत्र दोनशे पंचावन्नवर आलं, म्हणजे पंच्याऐंशी. मग दोनशे सत्तर, म्हणजे नव्वद. नव्वदचा आकडा लिहून काटेसाहेबांनी त्याच्याखाली रेघ ओढली. आयुष्यात बिस्किटं खाऊन कोणाची साखर इतकी सुधारली नसेल. त्यांना तहान फार लागत होती आणि दुपारी डोळे मिटत होते, पण सुधारणेच्या काळात थकवा येतोच, असं त्यांनी लेकीला फोनवर समजावलं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही नक्की डॉक्टरांचं ऐकताय ना?" त्यांनी फोन बायकोकडे दिला. बायको म्हणाली की तब्येतीचं म्हणशील तर ते दर रविवारी माझंच रक्त काढत असतात.

दर रविवारी ते प्रमाण ताडून पाहत. दुसऱ्या रविवारी दोनशे एक्क्याण्णव. तिसऱ्या रविवारी दोनशे ब्याऐंशी. कंपाउंडरांना बोलावून त्यांनी हे आकडे कौतुकाने सांगितले, बघा, कसं स्थिर आहे. कंपाउंडरांनी बोलायला तोंड उघडलं, पण काटेसाहेबांनी त्यांच्या मागच्या व्याख्यानाची परतफेड सुरू केली होती आणि ती अर्धा तास चालली. ती संपली तेव्हा कंपाउंडर एवढंच म्हणाले, "साहेब, वहिनींना एकदा दाखवून घ्या." काटेसाहेबांना हे हेव्याचं बोलणं वाटलं.

चार आठवडे झाले. नंबर लागला तेव्हा बायको बरोबर होती, पिशवी धरायला. ती बाहेर बाकावर बसली.

डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली. अठ्ठ्याऐंशी, नव्वद, ब्याण्णव, जेवणानंतर एकशे दहा. इतकी स्वच्छ वही त्यांनी पाहिली नसावी. मग त्यांनी दुसरा कागद समोर ओढला. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी आदल्या दिवशी झाली होती आणि तिचा आकडा मागच्यापेक्षा वर गेला होता. त्यांनी वही आणि कागद शेजारी शेजारी ठेवले.

काटेसाहेब याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांनी सगळं सांगितलं. दोन बोटं, संत्रं, कंपनीची बाटली, दोन शाखा, आणि शेवटी प्रमाण. सांगताना त्यांचा आवाज जुन्या खटल्यातल्या साक्षीसारखा भरदार झाला होता. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. फक्त त्यांचं पेन टेबलावर वाजत होतं, ते थांबलं.

"ज्या वजनाने तुम्ही काटा तपासलात," त्या म्हणाल्या, "ते वजन शेवटचं कधी तपासलं होतं?"

काटेसाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. एकतीस वर्षांत या प्रश्नाला त्यांच्याकडे नेहमी दाखला असायचा, तारखेसह, सहीशिक्क्यासह. मग एकदम सगळ्या फायली आपापल्या जागेवरून उठल्या. सुई. पाण्याचा जग. ब्लाउज. अंगठा.

"त्या कुठे आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाहेर," काटेसाहेब म्हणाले. "बाकावर. पिशवी धरून."

बायको आत आली ती संकोचून, दुसऱ्याच्या नंबरावर आल्यासारखी. दवाखान्याच्या यंत्राने तीनशे चार दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी तिला चप्पल काढायला लावली, पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या कडेला बोटाने दाबलं. मग जोरात दाबलं. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"काही कळतंय?"

"कशाचं?" बायकोने विचारलं.

काटेसाहेबांनी तोंड फिरवलं. दुखत नाही हे उत्तर त्यांनी घरी किती समाधानाने ऐकलं होतं.

जखम आतपर्यंत गेली होती. साफ करावी लागली, रोज पट्टी बदलावी लागली, दहा दिवस औषध चाललं. आणखी थोडा उशीर झाला असता तर अंगठा गेला असता, हे डॉक्टरीणबाईंनी अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि तो आवाज काटेसाहेबांना जास्त लागला. पट्टी बदलायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. हात धुऊन, चिमट्याने, बोट न लावता. बायकोला मशीन चालवायची बंदी होती. घरात ती लय नव्हती आणि त्या शांततेत काटेसाहेबांना कुठेच बसवेना.

घरी आले त्याच संध्याकाळी त्यांनी पेटीतली बाटली काढली होती. पट्टीवर थेंब टाकला. डबीवर दोन आकडे छापले होते, उत्तर त्यांच्या बरोबर मध्ये आलं. यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. मग त्यांनी वही उघडली आणि भागलेला प्रत्येक आकडा खोडून त्याच्यापुढे तिप्पट आकडा लिहिला. पाठीमागच्या पानावर, सदोष काट्याचा अहवाल लिहायची जी रीत होती त्या रीतीने, तारीख घालून लिहिलं: यंत्र, निर्दोष. पट्ट्या, निर्दोष. निरीक्षक, सदोष. खाली सही केली. सही करताना आपण ही कोणाला दाखवणार आहोत हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी वही उघडीच टेबलावर ठेवली.

बायकोने ती दुसऱ्या सकाळी पाहिली असणार.

गोळ्या दोघांच्या सुरू झाल्या. बिस्किटांचा डबा कंपाउंडरांकडे गेला, त्यांनी तो कर्तव्य म्हणून स्वीकारला. काटेसाहेब पुन्हा चालू लागले, आधी एकटे, आणि अंगठा भरून आल्यावर बायकोला घेऊन, तिच्या चालीने. सहाव्या आठवड्यात सकाळी ते टेबलाशी बसले, तेव्हा तिने वही स्वतःकडे ओढली. पट्टी, रेघ, पेन्सिल. तिने शेजारी दुसरा रकाना आखला, शिवणाच्या कापडावर आखावा तसा सरळ, आणि बोट पुढे केलं.

"आज आधी माझं," ती म्हणाली.

त्यांनी तिचं बोट धरलं. चौतीस वर्षांत ते इतका वेळ क्वचितच धरलं असेल. आकडा आला एकशे अडतीस.

तिने पेन्सिल उचलली, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "तीनने भागायचं ना?"

"नाही," ते म्हणाले. "आहे तेवढंच लिही."

तिने लिहिलं. मग मशीनच्या खणातून सुई काढली आणि दोरा हातात घेऊन खिडकीपाशी गेली. काटेसाहेब सवयीने उठले. तेवढ्यात दोरा भोकातून पलीकडे गेला होता.